उंची जाऊ द्या, वजन सांगा!

जिममधल्या वजनकाट्यावर चढताना आपण काय काय करतो? मोबाइल बाजूला ठेवतो, पाकीट काढतो, उगाचच श्वास रोखून धरतो. तरी कोणी आकडा विचारलाच, तर पाच-दहा किलोंचा डिस्काउंट ठरलेला! एरवी या थापेनं कोणाचं काही बिघडत नाही. माझं मात्र बिघडलं. तेही थेट गुलमर्गच्या बर्फात.

त्याचं झालं असं, गेल्या फेब्रुवारीत आमची ऑफिसची चौकडी सुट्ट्या जोडून स्नोबोर्डिंग शिकायला गेली. भाड्याच्या दुकानात पहिलाच प्रश्न आला, "वजन कितना, साहब?" मागे टीममधली नवीन मुलगी उभी. मी पोट आत घेतलं आणि ठोकून दिलं, "सत्तर!" खरा आकडा ब्याऐंशी. हातात १४९ सेंटिमीटरचा बोर्ड आला. उभा धरला तर हनुवटीच्या जरासा वर. म्हटलं, परफेक्ट!

इथेच तर गोची आहे, मंडळी. 'बोर्ड हनुवटी ते नाक यांच्यामध्ये यायला हवा' हा फंडा सगळ्यांना पाठ असतो. पण तो नुसता अंदाज. बोर्डाला तुमची उंची कळत नाही, त्याला कळतो तो फक्त भार. म्हणूनच कंपन्या प्रत्येक साइझसमोर वजनाचा तक्ता देतात. साठ-पासष्ट किलोच्या नवशिक्याला साधारण १५० च्या आसपासचा बोर्ड चालतो. ऐंशीच्या पुढे गेलात की १५५-१५८ कडे बघायचं. शिकत असाल, तर तुमच्या रेंजमधला थोडा आखूड आणि मऊ बोर्ड घ्या, तो पटकन वळतो. ताज्या, भुसभुशीत बर्फात जायचं असेल तर थोडा लांब. तिथे बोर्डाला तरंगायचं असतं ना!

आमच्यातला दुसरा हीरो सहा फुटी, वजन जेमतेम एकसष्ट. त्यानं ऐटीत १६३ उचलला. पहिला अख्खा दिवस बोर्ड याला वळवत होता. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं १५१ घेतला आणि संध्याकाळपर्यंत पठ्ठ्या सलग वळणं घेत खाली यायला लागला!

आता रुंदी. स्नोबोर्डवर आपण आडवे उभे राहतो, त्यामुळे बूट दोन्ही कडांच्या किंचित बाहेर आला तर हरकत नाही. फार बाहेर आला, तर वळताना पंजा नाहीतर टाच बर्फात घासते आणि तुम्ही आडवे. बुटाचा नंबर दहाच्या घरात असेल, तर सरळ 'वाइड' बोर्ड मागा. हल्ली आखूड पण जास्त रुंद असेही बोर्ड मिळतात, त्यांचा हिशेब वेगळा. तिथे त्या मॉडेलचाच तक्ता बघायचा. आणि बूट? उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकेच टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की जरा मागे यायला हवीत. टाच उचलली जात असेल, तर दुसरा जोड मागा. लाजायचं काय त्यात?

लाजण्याचा रिझल्ट ऐका. तिसऱ्या दिवशी रात्रभर बर्फ पडला होता. गोंडोलानं कोंगडोरीला पोचलो, कडेच्या ताज्या बर्फात शिरलो, आणि बोर्डाचं नाक सरळ खाली! पाठोपाठ मी, डोकं पुढे. ट्रेनरनं मला उपसून काढलं, बोर्डाकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "साहब, वजन सही बताया था ना?" मनगट मुरगळलं होतं. उरलेले दोन दिवस मी हॉटेलच्या खिडकीतून बाकीच्यांना बघत कहवा पीत बसलो. पुढचे दोन आठवडे ऑफिसात एका हाताने टायपिंग. वर्षभर साठवलेली रजा अशी गेली, बारा किलोंच्या थापेपायी.

तेव्हा दोस्तांनो, निघण्याआधी घरच्या काट्यावर उभे राहा. तेही जॅकेट-बूट घालून. तो आकडा आणि बुटाचा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा. दुकानात विचारलं, की मोठ्यानं सांगा. मागे कोण उभं आहे, ते बघू नका.

आणि हो, त्या नवीन मुलीनं स्वतःचं वजन बिनधास्त खरं सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी सगळ्यात झकास तीच चालवत होती!