पत्र उतरवले, पण पुसले कोणी?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. कलकत्ता त्या पहिल्या शहरांपैकी एक. जोडणी टेलिफोनवरून, त्यामुळे मिनिटामिनिटाला बिलाची धास्ती! ई-मेल झटपट घरच्या संगणकात उतरवायची आणि फोन ठेवून द्यायचा, अशी रीत पडली.

हे काम करणारा प्रोग्रॅम ‘पॉप’ पद्धतीने सर्व्हरशी बोलतो. आधी नाव आणि पासवर्ड सांगतो, मग पत्रे किती ते विचारून एकेक मागून घेतो. मागितल्याने पत्र सर्व्हरवरून जात नाही. त्यासाठी ‘पुसून टाक’ हा वेगळा हुकूम लागतो. तोही प्रोग्रॅमने रीतसर निरोप घेतल्यावरच अमलात येतो. मध्येच लाइन तुटली तर पत्रे जागच्या जागी. ही युक्ती ज्यांना सुचली, त्यांना टेलिफोनचा चांगलाच अनुभव असावा!

मात्र कित्येक प्रोग्रॅम हा हुकूम न विचारता परस्पर देऊन मोकळे होतात. मग परदेशातल्या लेकीचे पत्र उरते फक्त घरच्या डिस्कवर, आणि डिस्क बिघडली की तेही गेले. म्हणून ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या चौकटीत आधी खूण करावी. स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तर पत्र डिस्कवर नीट उतरल्याची खात्री झाल्याशिवाय पुसण्याचा हुकूम देऊच नये.