ज्युनिपर की मोरपंखी? आधी हात लावा!

विद्या येते म्हणून शाळेच्या वहीत मोरपंखीची डहाळी ठेवलीय ना? तेच झाड मला सांगलीत एका नर्सरीत 'ज्युनिपर' म्हणून विकलं गेलं. मोबाइल अ‍ॅपनेही मान डोलावली, आणि मी पैसे मोजले!

म्हणून सांगतो, नावाची पाटी वाचण्याआधी डहाळी हातात घ्या. मोरपंखीची डहाळी चपटी, उभ्या पंख्यासारखी. ज्युनिपरची तशी चपटी नसते. त्याची कोवळी पानं सुईसारखी टोचतात, पुढे अनेक जातींत ती खवल्यांसारखी बारीक होऊन फांदीला चिकटतात. चिनी ज्युनिपरवर तर दोन्ही तऱ्हा एकाच वेळी दिसतात. फळ मिळालं तर वादच मिटला. मोरपंखीच्या फळाला आकड्यांसारखी शिंगं असतात आणि वाळलं की ते उघडतं. ज्युनिपरचं गोल, गरदार, बोरासारखं असतं, उकलत नाही. (बहुतेक ज्युनिपरमध्ये नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे फळ नाही म्हणून हटून बसू नका.)

हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. आयुर्वेदातली हपुषा म्हणजे ज्युनिपरचंच फळ. अंगणातलं भलतंच फळ कुणी काढ्यात उकळलं तर?

आणि खरं सांगू, ज्युनिपर हिमालयातलं. आपली सदाहरित अंजनी महाबळेश्वरात जागोजागी आहे : समोरासमोर जाड, चकचकीत पानं, फांदीलाच लगडलेले निळे फुलोरे. स्ट्रॉबेरी खाऊन झाली की तिच्याजवळ दहा मिनिटं थांबा की राव!