पहिल्या माशाआधी शेवटचा मासा ठरवा

खाऱ्या पाण्याची नवी टाकी लागली, मीठ विरघळले, स्किमर सुरू झाला की आजही कितीतरी दुकानांत ग्राहकाच्या हाती पहिली पिशवी पडते ती डॅमसेलची. निळा डॅमसेल, नाहीतर काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके मिरवणारा डॉमिनो. मासा चिवट आहे, अमोनिया सोसतो, टाकी ‘सायकल’ करून देतो आणि स्वस्तात मिळतो, असे सांगितले जाते. हे सगळे खरेच आहे. पण लहान रीफ टाकीचे पुढचे बहुतेक नुकसान याच पिशवीतून सुरू होते.

तीन-चार आठवड्यांनी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात. ग्राहक हौसेने क्लाउनची जोडी किंवा फायरफिश घेऊन जातो. तोवर डॉमिनोने सगळा खडक आपला मानलेला असतो. समुद्रात हाकललेला मासा चार हात दूर निघून जातो आणि भांडण तिथेच मिटते. दोन फुटांच्या काचेत दूर जायला जागाच नसते. नवा मासा वरच्या कोपऱ्यात हीटरमागे अडकून राहतो, खाणे सोडतो, त्याचे पर फाटतात. अशा खचलेल्या माशावर क्रिप्टोकॅरिऑनचे पांढरे ठिपके लवकर दिसू लागतात. मालकाला वाटते पाणी बिघडले, म्हणून तो तांब्याचे औषध ओततो आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ हातचे जातात. शेवटी डॉमिनोला बाहेर काढायचे तर अख्खा खडक उचलावा लागतो.

सायकल करायला माशाची गरजच नाही. अमोनियम क्लोराइडचा मोजका डोस किंवा कच्च्या कोळंबीचा तुकडा, बाटलीतले जिवाणू आणि चाचणीचे किट एवढ्यावर काम होते. ग्राहकाला धीर धरायला सांगणे एवढेच दुकानदाराच्या वाट्याचे कष्ट.

लहान टाकी म्हणजे किती, हेही एकदा मांडायला हवे. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे 127 लिटर पाणी मावते. खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती जेमतेम 100 लिटर उरतात. एवढ्या पाण्यात चार-पाच छोटे मासे सुखाने राहतात. म्हणूनच पहिला मासा घेण्याआधी पाचवा कोणता, हे कागदावर उतरलेले असावे.

यादी करताना प्रत्येक माशाबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात: पूर्ण वाढल्यावर त्याची लांबी किती, तो टाकीच्या कोणत्या थरात राहतो, आणि स्वतःसारख्या दिसणाऱ्या माशाशी कसा वागतो. एक नमुना घेऊ. तळाला पिवळा वॉचमन गोबी, सोबत पिस्तूल कोळंबी. कोळंबी बीळ खणते, तिला नीट दिसत नाही. गोबी दारावर पहारा देतो आणि धोका दिसला की शेपटीच्या हालचालीने इशारा देतो. खडकाच्या कपारीत जांभळा-पिवळा रॉयल ग्रामा, कॅरिबियन समुद्रातला, जेमतेम आठ सेंटिमीटरचा. मधल्या पाण्यात एक फायरफिश. तो दचकला की उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी हवीच. आणि ऑसेलारिस क्लाउनची एक जोडी. प्रत्येकाचा थर वेगळा, त्यामुळे जागेवरून कटकट कमी होते.

सोडण्याचा क्रमही ठरलेला असावा. लाजाळू आधी, हक्क गाजवणारे शेवटी. फायरफिश आणि गोबी यांना पहिली जागा मिळाली की ते आपापले बीळ शोधून स्थिरावतात. मग ग्रामा, आणि सर्वांत शेवटी क्लाउन. हाच क्रम उलटा केला तर हेच पाच मासे एकमेकांना नकोसे होतात. क्रम कोणताही असो, प्रत्येक माशाचा आधी वेगळ्या टाकीत क्वारंटाइन व्हायला हवा.

क्लाउनबाबत ‘तीन घ्या, छान दिसतील’ हा सल्ला तर बंदच झाला पाहिजे. क्लाउनच्या गटात सर्वांत मोठा मासा मादी असतो, त्याखालचा नर. बाकीचे वाढ रोखून दबून राहतात. मादी गेली तर नराचीच मादी होते. समुद्रात ही उतरंड एका अ‍ॅनिमोनभोवती टिकते. लहान टाकीत तिसऱ्या माशाला मार खात जगावे लागते. दोन छोटी पिल्ले एकत्र घेतली की जोडी आपोआप ठरते, आणि तिला अ‍ॅनिमोनचीही गरज भासत नाही.

आता नकाराची यादी. 2003 साली ‘फाइंडिंग नीमो’ आल्यापासून मुले नीमोबरोबर डोरीही मागतात. डोरी म्हणजे निळा टँग. तो 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहत असतो. दोन फुटांच्या टाकीत त्याला जागा नाही. मँडरिन जिवंत कोपेपॉड वेचून खातो. लहान टाकीतले ते थोड्याच दिवसांत संपतात आणि मासा डोळ्यांदेखत वाळत जातो. सिक्सलाइन रॅस छोटा असला तरी नंतर आलेल्यांना छळतो. लायनफिशच्या तोंडात मावेल तो त्याचा घास. बांगाई कार्डिनल मात्र शांत आहे. नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्ले टाकीत वाढवता येतात. तरी गट नको, कारण जोडी जमली की ती इतरांना पिटाळते. शिवाय हा मासा मूळचा इंडोनेशियाच्या बांगाई बेटांपुरताच, आणि 2007 पासून संकटग्रस्त यादीत आहे. त्यामुळे घ्यायचा तर प्रजनन केंद्रात वाढवलेलाच.

हीच अट क्लाउनलाही लावता येते, कारण त्याचे प्रजनन आपल्या देशात साधले आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तंत्र विकसित केले, आणि महाराष्ट्रात ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने शोभिवंत सागरी माशांचे प्रजनन केंद्र उभे राहिले. केंद्रात वाढलेला मासा तयार खाद्य खातो, काचेला बुजत नाही आणि समुद्रातल्या साठ्यावर भार टाकत नाही. दुकानात तो थोडा महाग असला तरी त्याचे वेगळेपण ग्राहकाला सांगावे.

कायद्याचे भानही हवे. समुद्री घोडे आणि खडक उभारणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून उचललेला प्रवाळाचा तुकडा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. कोरडा किंवा सिरॅमिक खडक वापरून टाकी उभी करता येते.

दुकानदारांकडे या मासिकाच्या दोन मागण्या आहेत. विक्रीच्या प्रत्येक टाकीवर माशाच्या नावाशेजारी त्याची पूर्ण वाढीची लांबी आणि त्याला लागणारे किमान लिटर ठळक लिहावेत. आणि पिशवी बांधण्याआधी मासा ग्राहकासमोर खातो का, हे दाखवावे. घरोघरी टाक्यांची देखभाल करणाऱ्यांनी ग्राहकाची माशांची यादी आपल्या वहीत ठेवावी. नवा मासा विचारला गेला की आधी वही उघडावी आणि जागा नसेल तर तसे स्पष्ट सांगावे.