अर्धा उपचार

येत्या तीन वर्षांत देशातील सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची ‘डे केअर’ केंद्रे उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. ती स्वागतार्हच होय. तथापि, सलाइनमधून औषध देण्याची सोय जिल्ह्यात झाली म्हणजे कर्करोगावरील उपचारही तेथे पोहोचला, असा समज करून घेणे धोक्याचे ठरेल. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेच्या अंदाजानुसार, २०२२ साली भारतात या रोगाने सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना ग्रासले आणि जवळजवळ ८० हजार स्त्रियांचा बळी घेतला. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली, तरी रोग दूरवर पसरलेला नसेल तर तो बरा होऊ शकतो. त्यासाठी सुमारे पाच आठवडे बाहेरून किरण द्यावे लागतात, जोडीला औषध असते, आणि अखेरीस ब्रॅकिथेरपी, म्हणजे अंतःकिरणोपचार, करावा लागतो. गर्भाशयात बारीक नळी बसवून तीतून किरणोत्सारी स्रोत थेट गाठीपाशी नेला जातो. अंतर वाढताच किरणांचा जोर झपाट्याने ओसरतो. त्यामुळे गाठीवर जबर मारा होऊनही शेजारचे मूत्राशय व गुदाशय बरेचसे बचावतात. हेच काम केवळ बाहेरून साधू पाहिल्यास या अवयवांना इजा पोहोचते. सारांश, ब्रॅकिथेरपी हा उपचाराचा अलंकार नव्हे, तो त्याचा गाभा आहे. शिवाय हे सारे आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हावे लागते.

अडचण नेमकी येथेच आहे. किरणोपचाराची केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत एकवटली आहेत आणि त्यांतील सर्वांकडे ब्रॅकिथेरपीचे यंत्र नाही. पहिला टप्पा एका गावी व दुसरा शेकडो मैलांवर, अशी विभागणी झाली की मजुरी बुडवून येणाऱ्या स्त्रीचे आठ आठवडे प्रवासात आणि प्रतीक्षायादीतच सरतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने खर्चाचा भार हलका केला. पण विमा बिल भागवतो, यंत्र उभारीत नाही.

यंत्र आले तरी प्रश्न संपत नाही. प्रचलित इरिडियम-१९२ या स्रोताची शक्ती ७४ दिवसांत निम्मी होते; दर तीन-चार महिन्यांनी तो बदलावा लागतो, आणि खरेदीचा कागद अडला की यंत्र पडून राहते. कोबाल्ट-६० ची शक्ती निम्मी होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यासाठी अधिक जाड भिंती लागतात हे खरे. परंतु दूरच्या सरकारी रुग्णालयांना एकदाचा बांधकामखर्च वारंवारच्या खंडापेक्षा परवडावा. तज्ज्ञ डॉक्टर व वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ यांची पदे भरणेही तितकेच निकडीचे आहे.

२०३० पर्यंत या रोगाच्या ९० टक्के रुग्णांना उपचार मिळावा, हे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरविले. ते गाठले की नाही, हे किती केंद्रांची उद्घाटने झाली यावरून ठरणार नाही. किती स्त्रियांचा उपचार वेळेत पुरा झाला, हाच त्याचा खरा हिशेब. अर्धा उपचार हा स्वस्त उपचार नव्हे. त्याची किंमत त्या स्त्रीला आणि तिच्या मुलाबाळांना मोजावी लागते.