गोल्फ मॅनेजमेंट शिकायचंय? मग आधी हे बघा, डिग्री नेमकी कशाची मिळणार?

पोरगं गोल्फ चांगलं खेळतं, पण टायगर वूड्स होण्याइतकं नाही. मग पुढे काय? अमेरिकेत या प्रश्नावर गेली पन्नास वर्षं एक ठरलेलं उत्तर आहे, 'पीजीए गोल्फ मॅनेजमेंट'. कोविडच्या काळात तिकडे गोल्फ खेळणारे वाढले आणि या उत्तराला पुन्हा भाव आला. पण ब्रोशरवरचं हिरवंगार मैदान बघून प्रवेश घेतला तर फसायला होऊ शकतं.

सुरुवात नावापासून. टीव्हीवर दिसते ती पीजीए टूर, म्हणजे खेळाडूंच्या स्पर्धा. हा अभ्यासक्रम चालतो तो पीजीए ऑफ अमेरिका या वेगळ्या संस्थेच्या मान्यतेने. १९१६ साली स्थापन झालेली ही संघटना गोल्फ शिकवणाऱ्या आणि क्लब चालवणाऱ्या व्यावसायिकांची आहे. १९६८ मध्ये टूरवाले खेळाडू तिच्यातून बाहेर पडले. त्यामुळे ही डिग्री घेऊन कुणी टूरवर पोचेल, हा समज आधीच काढून टाकलेला बरा.

असा पहिला अभ्यासक्रम १९७५ मध्ये मिशिगनमधल्या फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत सुरू झाला. आज तो मोजक्याच विद्यापीठांत आहे. साधारण साडेचार वर्षं लागतात, त्यातले १६ महिने इंटर्नशिपचे. शेवटी हातात दोन गोष्टी येतात, विद्यापीठाची डिग्री आणि पीजीएच्या सदस्यत्वाचा रस्ता.

खरी मेख डिग्रीत आहे. पीजीएचा भाग सगळीकडे जवळपास सारखाच असतो, पण तो ज्या विभागात बसवलाय तो विभाग प्रत्येक ठिकाणी वेगळा. फेरिस स्टेटमध्ये तो बिझनेस कॉलेजात आहे. लास व्हेगसच्या नेवाडा विद्यापीठात हॉस्पिटॅलिटी कॉलेजात, म्हणजे हॉटेल आणि रिसॉर्टवाल्यांच्या शेजारी. पेन स्टेटमध्ये मनोरंजन, उद्याने आणि पर्यटन व्यवस्थापनात. नॉर्थ कॅरोलिना स्टेटमध्ये तर थेट नैसर्गिक संसाधनांच्या कॉलेजात! विद्यार्थी मैदान, हवामान आणि फी बघून कॉलेज निवडतात, विभागाकडे मात्र क्वचितच लक्ष जातं. पाच-सात वर्षांनी गोल्फ सोडावासा वाटला (आणि तो अनेकांना वाटतो), तर पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत हाच विभाग विचारला जातो.

सोडावासा का वाटतो? कारण कामाचे तास. लोकांच्या सुट्टीचा दिवस तोच क्लबवाल्यांच्या कामाचा दिवस. शनिवार-रविवार पहाटेपासून टी-टाइमची बुकिंग सांभाळायची, कार्ट लावायच्या, प्रो शॉपमधला माल मोजायचा, सदस्यांच्या तक्रारी ऐकायच्या, मधल्या वेळात लहान मुलांना स्विंग शिकवायचा. स्वतः खेळायला वेळ कमीच उरतो. खेळावरचं प्रेम नोकरीत टिकेल का, हे इंटर्नशिपमध्येच कळतं. त्यामुळे आधीच्या बॅचची मुलं इंटर्नशिपला कुठे गेली आणि तिथे त्यांनी काय काम केलं, हे प्रवेशाआधी विचारून घ्यावं.

खेळ यावाच लागतो, हेही खरं. प्रवेशाला अनेक ठिकाणी १२ किंवा त्याहून कमी हँडिकॅप मागतात. पुढे असते 'प्लेइंग ॲबिलिटी टेस्ट'. तिचा मूळ हिशोब असा: मैदानाच्या कोर्स रेटिंगची दुप्पट, अधिक १५. रेटिंग ७२ असेल तर ३६ होल १५९ फटक्यांत संपवायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण परीक्षेच्या दडपणाखाली चांगले चांगले घसरतात. आणि ही परीक्षा पास झाल्याशिवाय सदस्यत्व नाही.

बरं, सदस्यत्वासाठी कॉलेज लागतंच असंही नाही. गोल्फ क्लबमध्ये नोकरी करत पीजीएचा असोसिएट प्रोग्राम पूर्ण करता येतो. ज्याच्याकडे दुसरी डिग्री आहे, किंवा ज्याला शैक्षणिक कर्ज नको आहे, त्याने हा रस्ता आधी तपासावा. आणि ज्याला माणसांपेक्षा मैदानात जास्त रस आहे, म्हणजे गवत, माती, पाणी, कीड यात, त्याने टर्फग्रासचा अभ्यासक्रम बघावा. पेन स्टेटमध्ये दोन्ही आहेत, पण ती दोन वेगळी करिअर आहेत.

इथून अमेरिकेत जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. एफ-१ व्हिसावर शिकताना केलेली इंटर्नशिप सहसा सीपीटीमध्ये धरली जाते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त झाली, की त्या पातळीच्या डिग्रीनंतर मिळणारी ओपीटी, म्हणजे वर्षभर नोकरीची परवानगी, हातची जाते. इथे तर इंटर्नशिपच १६ महिन्यांची! ती पूर्णवेळ धरणार की काही भाग अर्धवेळ, हे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून ईमेलवर लेखी घ्यावं, तेही पहिली फी भरण्याआधी.