शाळा सुटल्यानंतरचे नेतृत्व

राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त ६ मे २०२२ रोजी अवघे कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले. पुढे २०२४ मध्ये त्यांच्या जन्माला दीडशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा व्याख्यानांना आणि परिसंवादांना पुन्हा उधाण आले. अशा प्रसंगी महाराजांच्या कार्याचे स्मरण बहुधा १९०२ चा आरक्षणाचा जाहीरनामा आणि १९१७ मधील सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय यांभोवती फिरते. वसतिगृहांचा उल्लेख होतो, परंतु तो गरीब मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय एवढ्यापुरताच. शाळा सुटल्यापासून दिवा मालवेपर्यंतचे तास हीसुद्धा शिक्षणाचीच वेळ आहे, हे ओळखणारी ती व्यवस्था होती, ही बाजू झाकलेलीच राहते.

ती आज उघडून पाहण्यास निमित्त आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या पद्धतीची भलावण करण्यात आली असून, प्रशिक्षित शिक्षकांच्या देखरेखीखाली हे काम स्वेच्छेने व आनंदाने व्हावे, असे त्यात म्हटले आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने खासगी शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि सोळा वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत प्रवेश देऊ नये, असे बजावले. हे दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले, तर एक साधा प्रश्न उभा राहतो. शिकवणीतून सुटलेली मुले संध्याकाळी जाणार कुठे? या प्रश्नाचे उत्तर दोहोंपैकी एकाही कागदात नाही. कागदावरचे नियम आणि रस्त्यावरची वस्तुस्थिती यांतील अंतर पाहायचे असेल, तर संध्याकाळी सहाच्या सुमारास राजारामपुरीच्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी.

पालकांना मुलांमध्ये ‘नेतृत्वगुण’ हवे असतात, यात शंका नाही. सुट्टी लागली की व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. आठ-दहा दिवसांत सभाधीटपणा, संभाषणकला आणि नेतृत्व असा एकत्रित हप्ता तेथे मिळतो. सभाधीटपणा ही उपयुक्त गोष्ट आहे खरी. पण नेता म्हणजे माइकसमोर न अडखळणारा मुलगा, अशी जी समजूत त्यातून पक्की होते, ती कोल्हापूरच्या स्वतःच्या अनुभवाशी जुळत नाही.

हा अनुभव काय सांगतो? महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले. पुढारलेल्या वर्गाचीच मुले तेथे राहिली आणि ज्यांच्यासाठी खटाटोप केला, ती बाहेर राहिली. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अन्य समाजांची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. जातवार वसतिगृहांनी जात घट्ट केली, अशी टीका झाली व आजही होते, आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण प्रत्येक समाजाला आपल्या मुलांची व्यवस्था आपण पाहण्यास भाग पाडले गेले, हेही तितकेच खरे. महाराजांनी जागा दिल्या, अनुदाने दिली. कारभार मात्र ज्याचा त्याने करायचा होता. संस्था चालवणे म्हणजे काय, हे एका पिढीने पुस्तकाबाहेर आणि वर्गाबाहेर पाहिले.

जैन बोर्डिंगातील एका विद्यार्थ्याची हकिगत प्रसिद्ध आहे. कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करावे, असा तेथील दंडक. तो त्यांनी मानला नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. परीक्षेत चमकलेला हा विद्यार्थी नव्हता. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. कोल्हापुरात जे १८९६ मध्ये साधले नव्हते, ते साताऱ्यात साधले. त्याचे एक कारण असे की, तेथे काम वाटले गेले. झाडलोट, पाणी, स्वयंपाक, शेतातील मेहनत ही मुलांचीच जबाबदारी होती. चुलीवरच्या भाकरीला जात उरत नाही, कारण ती थापणाऱ्याची पाळी उद्या बदलणार असते. थोरल्या मुलाने धाकट्याला सांभाळून घेणे हा तेथे उपक्रम नव्हता. त्याशिवाय घरच चालत नव्हते. रयतेच्या शाळा-महाविद्यालयांचा जो विस्तार पुढे महाराष्ट्राने पाहिला, त्याला लागलेली माणसे मोठ्या प्रमाणावर या घरांतूनच आली.

कोल्हापूरची दुसरी संध्याकाळची शाळा म्हणजे तालीम. येथे नवा पोरगा आल्या दिवशी डाव शिकत नाही. आधी आखाड्याची माती उकरतो, थोरल्यांच्या लढती पाहतो, मग केव्हा तरी त्याची जोड लागते. वस्ताद एक आणि पोरे चाळीस असल्यामुळे शिकवण्याचे निम्मे काम दोन-चार वर्षे पुढे असलेले मल्लच करतात. शिकवता शिकवता स्वतःचा डाव पक्का होतो, हे त्यांना कोणी शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून सांगावे लागलेले नाही. पेठापेठांतल्या तालमींनी पुढे फुटबॉल आपलासा केला. शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावे आजही पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालीम मंडळांची आहेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा माणसे बाहेर काढण्यापासून जेवण पोहोचवण्यापर्यंत गल्लीगल्लीतील मंडळांची मुले धावली. कोणाच्या घरात म्हातारे माणूस आहे, कोणाकडे काहील मिळेल, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवण्याची कल्पना आपण हल्ली परदेशातून आलेली समजतो. वास्तविक अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या पाद्र्याने देशी शाळांतील पद्धत पाहून तिचा अवलंब केला, १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तिका लिहिली आणि ‘मद्रास पद्धत’ या नावाने ती इंग्लंडात पसरली. आपल्या पंतोजींच्या शाळांतही थोरला मुलगा धाकट्याला धुळाक्षरे गिरवून घेत असेच. असो.

या चित्राला काळी बाजू आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. थोरल्याच्या हाती धाकट्यावरची सत्ता देणे म्हणजे छळाला दार उघडणेही असू शकते. महाराष्ट्राला १९९९ मध्ये रॅगिंगविरोधी कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये शालेय विद्यार्थ्यांना तरुण मार्गदर्शकांशी जोडणारी ‘देश के मेंटर’ ही योजना काढली, तेव्हा अनोळखी प्रौढांशी मुलांचा संपर्क येतो या कारणावरून राष्ट्रीय बालहक्क आयोगाने तिला आक्षेप घेतला. त्यामागे राजकारण होते की नव्हते, हा वाद बाजूला ठेवला तरी आक्षेपाचा मुद्दा खरा होता. जुन्या बोर्डिंगला अधीक्षक होता, तालमीला वस्ताद आहे. देखरेख करणारे प्रौढ माणूस त्याच छताखाली असणे ही या पद्धतीची पहिली अट आहे आणि तिच्यात सवलत देता येणार नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. ज्या मंडळांनी पुरात नेते घडवले, तीच मंडळे निवडणुकीत कार्यकर्ते पुरवतात. फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा, यावरून मुलांची पायरी ठरते. फुटबॉलच्या मैदानावरही पेठेचा अभिमान कधी कधी हाणामारीपर्यंत गेलेला शहराने पाहिला आहे. थोरल्यामागे चालायला शिकलेल्या मुलाला पुढे कधी तरी स्वतः निर्णय घ्यायला मिळाला पाहिजे. ती संधी कोठे आहे? महाविद्यालयांतील खुल्या निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद परत आणली, पण २०१९ मध्ये घोषणा होऊनही त्या लांबणीवर पडल्या. खुद्द महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यावर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या शहरात मोठ्यांचीच निवडणूक इतकी रखडू शकते, तेथे शाळेतील ‘मंत्रिमंडळ’ शिक्षकांनी नेमलेले असावे, याचे आश्चर्य वाटू नये.

आणि मुली? बोर्डिंग आणि तालीम या दोन्ही परंपरा प्रामुख्याने मुलग्यांच्या. जिल्ह्यातील मुली आता कुस्तीच्या मातीत आणि फुटबॉलच्या मैदानात उतरल्या आहेत, हे खरे. पण गल्लीतल्या तालमीच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसण्याचा हक्क अजून मुलग्यांचाच आहे. मुलीची संध्याकाळ शिकवणी किंवा घर यांतच वाटली जाते. त्यामुळे शाळाबाह्य वेळेची कोणतीही योजना गल्लीवर सोडून दिली, तर निम्मी मुले पहिल्याच दिवशी बाहेर राहतील. यासाठी तरी ही जागा शाळेचीच असायला हवी.

ते अवघड नाही. आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे तिसरी-चौथीची दोन मुले वर्षभरासाठी सोपवावीत. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास. वाचन, गणित, खेळ, ग्रंथालयाची देवघेव, मैदानाची निगा, सहलीचा हिशेब ही कामे मुलांनीच वाटून घ्यावीत आणि हिशेब चुकला तर तो मुलांनीच निस्तरावा. गुण देऊ नयेत. गुण दिले की शिकवणीवाले त्याचाही वर्ग काढतील. देखरेख करणाऱ्या शिक्षकाला त्या तासांचे मानधन मिळाले पाहिजे, कारण निवडणूक, जनगणना आणि सर्वेक्षणांनी आधीच वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक फुकटचे काम लादले, तर योजना परिपत्रकातच राहील. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालकांच्या रांगा लागतात, याची बातमी दरवर्षी येते. म्हणजे सरकारी शाळेवर विश्वास टाकायला लोक तयार आहेत. अशा पाच-दहा शाळांपासून आरंभ करता येईल.

प्रश्न खर्चाचा फारसा नाही. इमारती आहेत, मैदाने आहेत, मुले तर आहेतच. साडेपाचनंतर शाळेच्या फाटकाची किल्ली कोणाकडे राहील आणि काही घडल्यास उत्तर कोण देईल, हे ठरवणारा आदेश महापालिकेने काढायचा आहे. तो निघेपर्यंत फाटकाला कुलूप असेल आणि समोरच्या इमारतीत शिकवणीचा दुसरा वर्ग भरलेला असेल.