तिच्या कागदावर काय लिहिलंय?

गेल्या महिन्यात पालमला आमच्या एका दोस्ताचा सत्कार झाला. पोरगा पीएच.डी.साठी परदेशी निघालाय. बाप जन्मभर ऊस तोडत आला, तो हार घालताना रडला. आम्ही गोदीतल्या दोन पाळ्या बुडवून मुंबईहून गेलो होतो. लोकांनी सगळं विचारलं. विमान किती तास, थंडी किती, पैसे किती. त्याची बायको कोपऱ्यात चहा गाळत होती. नर्सिंग झालेली, परभणीत नोकरी करणारी पोरगी. तिला कुणी काहीच विचारलं नाही.

शेवटी तिनंच विचारलं, ''भाऊजी, मला तिथं काम करू देतील का?''

दोस्ताला माहीत नव्हतं. एजंट नुसता 'होतंय' म्हणाला होता. आम्हालाही माहीत नव्हतं. शरम वाटली. मग शोधत बसलो. जे सापडलं ते असं आहे.

अमेरिकेत शिकणाऱ्याला एफ-१ व्हिसा, बायकोला एफ-२. एफ-२ वर एक डॉलरही कमवता येत नाही. शिकायचं तर अर्धवेळ. तोच माणूस संशोधक म्हणून जे-१ वर गेला तर बायकोला जे-२, आणि तिला अर्ज करून कामाचा परवाना मागता येतो. पुढं नोकरी लागून एच-१बी झाला की बायको एच-४. तिथं २०१५ पासून काहींना परवाना मिळतो, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठराविक पायरीला पोचल्यावरच. इंग्लंडनं १ जानेवारी २०२४ पासून साध्या एम.ए., एम.एस्सी.वाल्यांना बायकापोरं आणायची बंदी केली. पीएच.डी. किंवा संशोधनाची पदव्युत्तर पदवी असेल तर जोडीदार नेता येतो, आणि त्याला काम करता येतं. जर्मनीत संशोधकाच्या जोडीदाराला कामाची मोकळीक आहे, आणि येण्याआधी जर्मन भाषेची परीक्षाही मागत नाहीत. ऑस्ट्रेलियात मास्टर्स किंवा पीएच.डी. सुरू झाली की जोडीदाराला तासांचं बंधन नाही.

म्हणजे नवरा तोच, बायको तीच. देश बदलला, व्हिसाचं एक अक्षर बदललं, की ती कमावती नाहीतर कैदी! पोरगी संशोधक असली तर तिच्या नवऱ्यालाही हाच कायदा.

बंदरात आम्ही रोज बघतो. परदेशी जहाजावरचा खलाशी पास घेऊन खाली उतरतो. फिरतो, चहा पितो, वेळेत परत जातो. इथं काम धरायची त्याला मुभा नसते. एफ-२ हा तसलाच पास आहे, फक्त चार-पाच वर्षांचा.

आमच्या पालम-गंगाखेडकडं मुकादम नवराबायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतो. उचल नवऱ्याच्या नावावर. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, पण हिशेबात तिचं नाव नाही. तिथं तिचं काम चालतं, नाव चालत नाही. एफ-२ वर नाव चालतं, काम चालत नाही. दोन्हीकडं हिशेब नवऱ्याच्याच नावानं.

आणि आपण तरी काय करतो? १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, १९२० ला पुन्हा लंडनला. रमाई इथंच राहिल्या. दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहणाऱ्या बापाची लेक. त्यांनी संसार कसा ओढला, लेकरं कशी गमावली, हे आपल्या घराघरात माहीत आहे. आपण त्या त्यागाला हार घालतो. पण हार घातला म्हणजे पुढच्या प्रत्येक बाईकडून तोच त्याग वसूल करायचा परवाना मिळत नाही, दोस्तहो!

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला ७५ जागा. फी मिळते, निर्वाहभत्ता मिळतो, विमानाचं भाडं मिळतं, पण ते विद्यार्थ्याचं. बायकोचं पोट त्याच भत्त्यात बसवायचं. इंग्लंडात तर २०२४ मध्ये विद्यार्थ्याच्या जोडीदारालाही आरोग्याचा वेगळा कर वर्षाला ७७६ पौंड झाला. अशात कामाची मनाई म्हणजे दोघांची उपासमार, नाहीतर चोरून काम. आणि चोरून काम सापडलं तर व्हिसा जातो.

म्हणून निघणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. विद्यापीठ ठरवायच्या आधी जोडीदाराचा व्हिसा कुठला, त्यावर काम आहे का, हे त्या देशाच्या सरकारी कागदात स्वतः वाचा. एजंटच्या तोंडावर जाऊ नका. विहारात पंचशील घेऊन लग्न लागलं, पण नोंद केली का? ग्रामपंचायतीत, नगरपंचायतीत जाऊन दाखला काढा, त्याशिवाय ती तुमची बायको आहे हे कुणी मानणार नाही. आणि कामाचा परवाना म्हणजे धंद्याचा परवाना नव्हे. नर्सला इंग्लंडात तिथल्या परिषदेची परीक्षा द्यावी लागते, जर्मनीत भाषा शिकून पदवी मान्य करून घ्यावी लागते. ती तयारी इथूनच सुरू करा, दोघांनी.

आमच्या दोस्तानं अमेरिकेचा अर्ज तूर्त बाजूला ठेवलाय. जर्मनीतली जागा बघतोय. त्याची बायको परभणीला ड्युटी संपवून रात्री जर्मन शब्द पाठ करते. पुढचा सत्कार दोघांचा करू. चहा आम्ही गाळू.

जय भीम!